दगडापलीकडे ट्रॅक्टर

"ही जमीन कुणाच्या बापाची नाही! इथं पाऊल टाकायला कुणाचीही परवानगी लागत नाही!" ऑब्री लस्कम यांनी काठी उंचावून जाहीर केलं, पाऊल टाकलं आणि ते मांडीपर्यंत त्या जमिनीत गेले.

ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार होता. रविवारी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागं जाणार आणि अंधार लवकर पडणार, म्हणजे इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावरची संध्याकाळची फेरी यंदापुरती संपली. मागं त्यांच्या पदभ्रमण मंडळातले आठ जण होते, सगळे पेन्शनीतले. ऊन टेकडीआड गेलं होतं. वाळून तांबूस पडलेल्या नेच्यांमधून धुकं वर येत होतं आणि ऑब्री खाली चालले होते.

आधी ते हसले. तीस वर्षं मुख्याध्यापकी केलेला माणूस चिखलाला भीत नाही. मग त्यांनी पाय उपसायला जोर लावला आणि ते कमरेपर्यंत गेले. त्यानंतर कुणी हसलं नाही.

"हलू नकोस रे, ऑब्री!" मंडळाची चिटणीस बेरिल ओरडली.

"मी कुठं हलतोय? मला नेलं जातंय!"

काठी पुढं करायला गेलेला सिरिल स्वतःच गुडघाभर रुतला. त्याला चौघांनी ओढून काढलं. फोनला रेंज नव्हती. सगळ्यांनी मिळून हाका मारल्या. गारठा ऑब्रींच्या पायांतून पोटात चढला. पाय आपले की चिखलाचे, हे त्यांना कळेनासं झालं.

तेवढ्यात खालून ट्रॅक्टरचे दिवे आले. हाका ऐकून गॉर्डन एन्डकॉट निघाला होता. त्याची मेंढरं याच माळावर चरत. अकरा वर्षांपूर्वी त्यानं ट्रॅक्टर आडवा लावून ही पायवाट अडवली होती आणि ऑब्रींनी त्याला कोर्टात खेचून हरवलं होतं.

तीस पावलांवर उभा दगड होता. ट्रॅक्टर तिथं येऊन थांबला.

"अहो, थांबलात काय? या ना पुढं!" बेरिल किंचाळली.

"कसा येऊ, बाई? एन्डकॉटचं कुठलंही वाहन या दगडापलीकडे येणार नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे. मास्तरांनीच मिळवलाय."

"मग दोर फेका!"

"इथून पुरत नाही."

तो टोमणा मारत नव्हता, हे ऑब्रींना ठाऊक होतं. तेच वाईट होतं. अकरा वर्षांत मेलेली मेंढीसुद्धा त्यानं या दगडापर्यंत खांद्यावरून वाहून आणली होती. आणि 'कुठलंही' हा शब्द हुकमात घालायचा आग्रह ऑब्रींचाच.

"मास्तर, तुम्ही परवानगी द्या, लगेच येतो."

चिखल बरगड्यांना लागला. आठ माणसं श्वास रोखून पाहत होती. कोर्टातल्या विजयाची गोष्ट ऑब्री दर नाताळच्या जेवणात याच आठ जणांना सांगत आले होते.

"या," ते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही. इंजिन चालू आहे."

"या हो! कृपा करून या!"

ट्रॅक्टरनं दगड ओलांडला. एन्डकॉटनं ऑब्रींच्या काखेखालून दोर टाकला आणि गाडी इंच इंच मागं घेतली. ऑब्री बाहेर आले. त्यांचा एक बूट आला नाही. एन्डकॉटनं आपला कोट काढून त्यांच्या अंगावर घातला.

"एन्डकॉट," दात वाजत असताना ऑब्री म्हणाले, "उद्याच अर्ज करतो. हुकूम रद्द! हवं तर पायवाटसुद्धा बदलू. तुमच्या काय मागण्या असतील त्या लेखी द्या, मी मंडळापुढं ठेवतो."

"लेखी कशाला?" एन्डकॉट दोर गुंडाळत म्हणाला. "कोर्टातही एवढंच सांगायला उभा राहिलो होतो, पण तुमचं भाषण संपेना. मेंढरं बाहेर जातात हो, मास्तर. जाताना पायवाटेवरचं तेवढं फाटक लावून घेत जा."