पहिला अर्थ

इंग्रजी फ्रेझल व्हर्ब्जचे रशियन अर्थ देणारा कोश दोघा मित्रांनी निवृत्तीनंतर करायला घेतला आणि 'पुट अप विथ'पाशी त्यांचं गाडं अडलं. रशियन शिकवण्यात हयात घालवलेले मास्तर म्हणत, पहिला अर्थ 'तेर्पेत्', म्हणजे सहन करणं. अनुवादक म्हणत, छे, आधी 'मिरीत्सा', जुळवून घेणं!

बरोबर मास्तरांचंच होतं. अनुवादकांना ते महिन्याभरात कळलंही होतं. पण कबूल केलं असतं तर कोश पुढे सरकला असता, एक दिवस संपला असता, आणि मग दर रविवारी तावातावाने तीन जिने चढून त्यांच्याकडे कोण येणार होतं? त्यांनी सहा वर्षं वाद पेटता ठेवला. चहा गार होत राहिला.

मास्तर गेले. त्यांच्या मुलीने कोशाच्या कार्डांचा खोका अनुवादकांना आणून दिला.

"काका, शेवटच्या आठवड्यात बाबांनी एवढं एकच कार्ड मागून घेतलं."

कार्डावर 'तेर्पेत्' खोडून मास्तरांनी वर 'मिरीत्सा' लिहिलं होतं. खाली एक ओळ होती:

"तुझंच खरं रे. चाळीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवत आलो मी."