मनगटाचा वळसा

रोशनीची सुई दुसऱ्यांदाही रिकामीच बाहेर आली.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. तिसऱ्यांदा चुकली, तर सहा महिन्यांनी परत यायचं. मागे पाच मुली आपापल्या नंबराची वाट बघत उभ्या होत्या. पलीकडे तपासणाऱ्या सिस्टर, हातात गुणांचा कागद.

खाटेवर मलकपेठच्या मालनबाई. अंगात रक्त कमी, म्हणून सलाईनमधून लोह द्यायचं होतं. कोपराच्या खळगीत कापूस दाबून धरत त्यांनी पोरीकडे पाहिलं.

"शीर इथंच असते, आजी," रोशनी पुटपुटली. "चित्रात इथंच आहे."

"चित्राला कोण टोचतंय? ही माझ्या थोरल्या जावेसारखी आहे. लांबून ठसठशीत दिसते, कामाला बोलावलं की सरकते."

रोशनीला हसू आवरेना.

"क्या बोलरे अम्मा?" दखनी बोलणाऱ्या सिस्टरांना मराठी येत नव्हती.

"दुखरा बोलके, सिस्टर."

"मनगटाकडे ये," मालनबाई आता खरोखरच कण्हल्यासारख्या सुरात म्हणाल्या. "अंगठ्याच्या बाजूचं हाड. जिन्यावरून पडले तेव्हा मोडलं होतं. हाडं बसवणाऱ्या पहिलवानाकडून बांधून घेतलं, पण बसलं वाकडं. लागला उंचवटा?"

"हो."

"शिरेला मग सरळ जाता येईना. तिनं हाडाला वळसा घातला. बघत बसू नको, दिसायची नाही ती. डोळे मीट."

रोशनीने पट्टा बांधला आणि डोळे मिटले. बोटाखाली हाडाची गाठ आली. गाठीच्या कडेला, कुठल्याच पुस्तकाने सांगितली नव्हती अशा जागी, मऊ दोरीसारखं काहीतरी होतं. दाबलं की दबत होतं, सोडलं की भरत होतं. मोडल्या हाडाला धक्का न लावता ती शीर आपलं काम बिनबोभाट करत आली होती.

तिने डोळे उघडले. जागा पुसली, सुई घातली. नळीत लाल थेंब चढला.

सिस्टर जवळ आल्या. "ये कौनसी नस है?"

रोशनीच्या ओठांवर दोन पाठ केलेली नावं आली. तिने ती गिळली. "नाम नै मालूम, सिस्टर. अम्मा बताए."

परीक्षेत कुणाची मदत घेतली की थेट नापास, हे सगळ्यांना माहीत होतं.

सिस्टरांनी कागद खाटेवर ठेवला. सुईच्या वर बोट टेकवलं आणि शिरेच्या कडेकडेने, हाडाच्या गाठीला वळसा घालत कोपरापर्यंत नेलं. परत आणलं. पुन्हा एकदा नेलं.

"छब्बीस साल से हाथां देखरी मैं, ऐसी नस नै देखी," त्या मालनबाईंना म्हणाल्या.

रोशनीच्या नावापुढे पास लिहून त्यांनी सही केली, आणि मागे वळल्या.

"एक एक आके देखो. हाथ धोके."