भाजलेला अंगठा

“शिक्काच मारायचाय ना पोरी, माणूस नाही मारायचा! एवढी काय थरथरतेस?” फोनवर आई खदखदून हसली.

डेल्फिनाने गाडीच्या आरशात बघून पुन्हा एकदा पाठ म्हटला. ओळखपत्र तपासायचं. सही आपल्या डोळ्यांसमोर. अंगठ्याचा ठसा वहीत. आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारायचं, ‘स्वखुशीने सही करताय ना?’

नोटरी होऊन जेमतेम पंधरवडा. घरी जाऊन कर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायची ही पहिलीच वेळ. लहानपणापासून ती अशीच भित्री. बापाचा हात आईवर उठायचा आणि ही दाराआड पुतळ्यासारखी उभी. आई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. डेल्फिना मात्र विसरली नव्हती.

पर्समध्ये आईने दिलेलं लोखंडी यंत्र होतं, कागद दाबला की उठावाची मोहर उमटवणारं. कॅलिफोर्नियात रबरी शिक्का पुरतो, हे आपलं शकुनाचं. वजन मात्र विटेएवढं.

हॅस्केटांचं घर फ्रेस्नो शहराबाहेर, बदामाच्या बागांच्या पार टोकाला होतं. दार रोलंड हॅस्केटने उघडलं. चांगला आडदांड गडी. उजव्या मुठीची सालटी निघालेली, रक्त अजून ओलंच.

“लवकर उरका,” तो म्हणाला.

स्वयंपाकघरात टेबलाशी त्याची बायको व्हर्ना बसली होती. एक गाल टम्म सुजलेला, मानेवर नखांचे ओरखडे आणि दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या.

“शेगडीवर भाजले,” न विचारताच ती म्हणाली. “मेली मी धांदरटच! थांब, कॉफी देते.”

तिने एक कपाट उघडलं. मिटलं. दुसरं उघडलं.

“डावीकडचं!” रोलंड खेकसला.

“हो, हो. ओरडू नका ना पाहुणीसमोर.”

बिचारी! स्वतःच्या घरात कप कुठे आहेत तेही भीतीने विसरली, डेल्फिनाच्या मनात आलं. तिला आई आठवली.

इतक्यात गॅरेजच्या दारावर आतून धाडकन काहीतरी आदळलं. रोलंड अर्धवट उठला.

“बसा ना,” व्हर्ना हळूच म्हणाली. तिचा एक हात ॲप्रनच्या खिशात होता. “कुत्रा आहे गं. परकं माणूस आलं की दाराला धडका देतो.”

रोलंड बसला. दोन्ही पंजे त्याने टेबलावर पालथे टेकवले. त्याच्या गालाचा स्नायू उडत होता.

डेल्फिनाने दोघांची लायसन्स पाहिली. व्हर्नाच्या फोटोत केस पार छातीपर्यंत रुळत होते.

“कापले गं,” मानेवरून हात फिरवत व्हर्ना म्हणाली.

हनुवटी तीच, डोळेही तेच. बाकीचं सुजेत बुडालेलं. ठशासाठी ती पट्टी सोडायला गेली आणि अशी कळवळली, की डेल्फिनाच्याच डोळ्यांत पाणी आलं.

“राहू द्या, राहू द्या. वहीत लिहिते मी, अंगठा भाजलाय म्हणून.” मग श्वास घेऊन तिने विचारलं, “तुम्ही स्वखुशीने सही करताय ना?”

व्हर्नाने नवऱ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले. “हो,” इतकं हळू, की ऐकायला वाकावं लागलं. मग पट्ट्या सांभाळत तिने सह्या केल्या.

आता हाच प्रश्न रोलंडला. डेल्फिनाची नजर त्या सोललेल्या मुठीवर गेली. ज्याचे हात असे, त्याला कसली खुशी विचारायची? तिने कागद नुसताच पुढे सरकवला.

रोलंडने सह्या केल्या, शेवटच्या सहीला तर कागदच फाटला. “झालं? आता तरी...” त्याचा आवाज चिरकला.

“शिक्का राहिलाय ना अजून,” व्हर्ना म्हणाली.

दारावरच्या धडका एव्हाना मंदावल्या होत्या. मग थांबल्या. रोलंडने कान टवकारले. एक क्षण, दोन क्षण. काहीच नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

आणि टेबल उलटलं! व्हर्ना खुर्चीसकट मागे कोसळली, डोकं फरशीवर आपटलं, कपाचे तुकडे सगळीकडे. रोलंडचे दोन्ही पंजे तिच्या गळ्यात रुतले. तिचे पाय फरशीवर तडफडू लागले.

डेल्फिना पुन्हा दाराआड उभी होती. तेच वय, तेच शिशाचे पाय.

यावेळी मात्र ते हलले.

पर्समधलं लोखंडी यंत्र त्याच्या कानामागे बसलं. तो वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हेच विचित्र. “ती... गॅरेज...” तो म्हणाला. तिने पुन्हा हाणलं. आणि पुन्हा, आत काहीतरी कडकन मोडेपर्यंत. तो आडवा झाला. फरश्यांच्या फटींतून रक्त लांब लांब रेघा ओढत गेलं.

डेल्फिनाने स्वतःचे हात पाहिले. थरथर पार थांबली होती. आई, बघ!

व्हर्ना खोकत उठली. रोलंडला पायाने ढोसलं, विखुरलेले कागद गोळा केले, एकावरचा लाल थेंब ॲप्रनने टिपला.

“सह्या वाळल्यात. एवढा शिक्का मारून टाक.”

“धक्का बसलाय तुम्हाला,” डेल्फिना मायेने म्हणाली. “तुम्ही बसा. पोलिसांना मी बोलावते.”

दारामागून बारीक, नखं घासल्यासारखा आवाज आला. मुका जीव, तोही घाबरला असेल! डेल्फिना तिकडे गेली. दाराला बाहेरून कडी आणि भलं मोठं कुलूप होतं. फळीवर मुठींचे रक्ताळलेले डाग होते, कुलपाभोवती सगळ्यात दाट. तिने हातातल्या यंत्रानेच कुलपाचा कोयंडा उखडला.

“ते उघडू नकोस,” मागून व्हर्ना म्हणाली. ॲप्रनच्या खिशात काहीतरी खट् वाजलं.

पण दार उघडलं होतं. आत कुत्रा नव्हता. दाराला लागून आडव्या पडलेल्या खुर्चीला एक बाई बांधली होती, तोंडावर चिकटपट्टी, केस पार छातीपर्यंत. आणि तो चेहरा डेल्फिनाने मघाशीच पाहिला होता, लायसन्सवर.