सगळीकडे आपोआप

‘पासवर्ड चुकीचा आहे,’ असं स्क्रीनवर पुन्हा उमटलं आणि डॉक्टरने कीबोर्ड आपटला.

मागे दात तपासायच्या खुर्चीत तिच्या सासूबाई आ वासून पडल्या होत्या. दाढ उघडून ठेवलेली, गालात कापसाचे बोळे, निम्मा चेहरा बधिर. दाढेची मुळं कुठवर गेलीत ते एक्स-रे बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. एक्स-रे कॉम्प्युटरमध्ये होते. कॉम्प्युटर मघाशी स्वतःच्या मर्जीने बंद पडून स्वतःच्या मर्जीने सुरू झाला होता, आणि आता ओळख दाखवायला तयार नव्हता. नवा एक्स-रे काढला तरी तोही त्याच कुलपाआड जाऊन बसणार होता.

एक्स-रेच्या प्रोग्रामचा पासवर्ड डॉक्टरला पाठ नव्हता. तो कोणाच्या बापालाही पाठ झाला नसता. कीबोर्डवरून मांजर पळावं तसा तो होता आणि नवऱ्याने मोठ्या कौतुकाने बनवला होता. घरचे, दवाखान्याचे असे सगळे पासवर्ड त्याने एका फाइलमध्ये कोंडले होते. त्या फाइलला तो तिजोरी म्हणायचा. तिजोरी क्लाउडवर असायची आणि तिथून लॅपटॉपवर, दोघांच्या फोनवर, दवाखान्यात, सगळीकडे आपोआप उतरायची. ‘आपोआप’ हा त्याचा लाडका शब्द होता. घरातली बाकीची कामंही आपोआप होतात, अशी त्याची समजूत होती.

तिजोरी उघडायचा मुख्य पासवर्ड तेवढा डॉक्टरला पाठ होता. आज नेमका तोच चालत नव्हता.

तिने नवऱ्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन अवजारांच्या ट्रेमध्ये ठेवला.

“तिजोरी उघडत नाहीये.”

“सिंक झालं नसेल. क्लाउडच्या चिन्हावर हिरवी खूण आहे का बघ.”

“आहे.”

“मग झालंय की! उत्तम.”

“उत्तम काय? उघडत नाहीये म्हणतेय मी!”

“जुना पासवर्ड टाकला असशील. काल रात्री मी बदलला ना. एका ठिकाणी बदलला की बास, फाइल सगळीकडे आपोआप पोचते.”

फाइल खरंच सगळीकडे पोचली होती. बातमी तेवढी बायकोपर्यंत पोचली नव्हती.

“मला न सांगता बदललास?”

“सांगणार होतो. तू काल दार आपटून आत निघून गेलीस.”

“आपटणारच! आठवडाभर आईंची दाढ ठणकत होती आणि त्यांना म्हणालास, हिला सांगू नकोस, आपोआप थांबेल. दातांच्या डॉक्टरच्या घरात! वर कबूल करायला तयार नाहीस.”

“तो विषय आता नको.”

“मग पासवर्ड सांग.”

“फोनवर पासवर्ड सांगायचा नसतो.” नवरा कंपन्यांमध्ये जाऊन कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर व्याख्यानं द्यायचा. “आत्ताच हॉलभर लोकांना हेच शिकवून आलोय.”

“मेसेज कर.”

“लिहून तर मुळीच नाही.”

“मग ये इथे, उडत!”

खुर्चीतून गुरगुर ऐकू आली. सासूबाईंच्या ओठाला मुंग्या यायला लागल्या होत्या. त्यांनी एक डोळा वटारला आणि बोटाने फोनकडे असं काही दाखवलं की बोलायची गरजच उरली नाही.

“हा आवाज कसला?”

“तुझ्या मातोश्री. दाढ उघडी आहे आणि इंजेक्शन उतरतंय. आता थोड्या वेळाने त्यांना दिवसा तारे दिसतील. मग संध्याकाळी त्या तुला दाखवतील.”

फोन हळूच म्हणाला, “आई ऐकतेय?”

“मन लावून.”

“तिला जरा बाहेर बसव ना.”

“आ वासलेल्या अवस्थेत? अरे, आहे तरी काय त्या पासवर्डमध्ये? कोणाचं नाव आहे?”

“नाव-बिव काही नाही!”

“मग मला शिवी असेल.”

“नाही गं!”

“मग मीच ओळखते. काहीतरी खूण तरी सांग.”

“तुला सात जन्मांत सुचायचं नाही. म्हणून तर तो ठेवला.”

“एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुझा, आणि आज एक पासवर्ड बोलायला दातखीळ बसली?” डॉक्टर आता ओरडत होती. “तुझ्या आईची दाढ आहे ही, माझ्या आईची नाही! बोल!”

सासूबाईंनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. शेजारचा पाण्याचा पेला कलंडला.

फोनमध्ये कुठलंसं दार बंद झालं. घसा खाकरला गेला. मग आवाज इतका खाली आला की डॉक्टरला ट्रेवर वाकावं लागलं.

“माझं चुकलं.”

डॉक्टर होती तशी उभी राहिली. लग्न झाल्यापासून हे शब्द त्या तोंडातून बाहेर पडले नव्हते. सासूबाई तर त्या तोंडाला पहिला दात यायच्या आधीपासून ओळखत होत्या. त्यांचा आ आणखी मोठा झाला.

डॉक्टरने मास्क खाली ओढला. इतका वेळ चढलेला पारा कुठल्या कुठे गेला. तिला एकदम भरून आलं.

“जाऊ दे रे,” ती म्हणाली. “एवढं म्हणालास, पुष्कळ झालं. काल मीही जरा जास्तच तडतडले.”

सासूबाईंनी गळ्याला बांधलेल्या कागदी रुमालाने डोळे टिपले.

“आता रडत काय बसलीस?” फोन खेकसला. “टाइप कर! इंग्रजी अक्षरांत, सलग, मधे जागा नको. आणि ‘माझं’मधल्या ‘झ’ला झेड.”