बेडूकमाशाचा उपास

"आजही नाही?" पाणबुड्याने विचारलं. मत्स्यालयातल्या टाक्या आत उतरून घासायचं काम त्याचं, म्हणून हे नाव.

"तोंडसुद्धा उघडत नाही हो." तिने चिमट्यातली कोळंबी बेडूकमाशासमोर पुन्हा नाचवली.

तो ढिम्म. लिंबाएवढा, नारिंगी, खडबडीत. आला तेव्हा पांढराफटक होता. मोठ्या टाकीत, खडकाला चिकटून वाढणाऱ्या नारिंगी समुद्री स्पंजाशेजारच्या दगडावर ठाण मांडलं आणि महिन्याभरात शेजाऱ्याचा रंग उचलला. कपाळावरची दांडी गळासारखी हलवायची, भुलून आलेला मासा पापणी लवायच्या आत गिळायचा, की पुन्हा साळसूद. छोटे मासे कमी व्हायला लागले, तेव्हा साहेबांनी त्याला वेगळं ठेवायला सांगितलं. बाळाच्या तापामुळे ती नेमकी रजेवर होती. पाणबुड्यानेच त्याला दगडासकट अलगद उचलून ह्या टाकीत आणलं.

तेव्हापासून अन्नाचा कण नाही.

घरून सासूबाईंचा फोन आला. "जेवलीस का गं?"

"कुठलं हो आई! तोंड घट्ट मिटून बसलाय."

"अगं, तुझं विचारतेय मी! बाळ केव्हाच खाऊन झोपलं."

मत्स्यालयाच्या डॉक्टरांनी त्याला काचेतूनच बराच वेळ निरखलं. "जखम नाही, सूज नाही. धसका घेतलाय. हात लावू नका. उद्यापर्यंत खाल्लं नाही, तर नळीने भरवू. पण एवढासा जीव, त्यात वाचेलच असं नाही."



"आणि मोठ्या टाकीतला आणखी एक निळा मासा गायब," पाणबुड्या पुटपुटला. "म्हणजे ह्या गरिबाला आपण उगाच बदनाम केलं."

"एकटा पडलाय तो," ती म्हणाली. "आमचं बाळसुद्धा नवीन जागी घास घेत नाही. त्याचा तो स्पंज शेजारी आणून ठेवते."

"स्पंजाशी गप्पा मारणार वाटतं!"

"मारू दे की."

तिने बाही वर सारली आणि मोठ्या टाकीत हात घातला. "चल रे बाबा, दोस्त वाट बघतोय."

बोटं वीतभर अंतरावर आली, तशी स्पंजाने भलीमोठी जांभई दिली आणि तो फताड्या पंजांवर चालत दगडामागे निघून गेला.