साराची चिठ्ठी

एडवर्ड मास्तर देवावर वैतागले होते, आणि वैतागलेला माणूस घालतो तशाच चिठ्ठ्यांना घड्या घालत होते, वाकड्यातिकड्या. नव्या वर्षाची सकाळ. मिस्सा सुरू व्हायला अजून अर्धा तास होता. चर्चच्या पडवीत ते टोपली मांडीवर घेऊन बसले होते. दर एक जानेवारीला मिस्सा संपली की जो तो या टोपलीतून एक चिठ्ठी उचलतो. चिठ्ठीवर शास्त्रातलं एक वचन, वर्षभर घरातल्या आल्तारापाशी, देव्हाऱ्यात ठेवायचं. अक्षर मास्तरांचं, शब्द देवाचा. आणि तोंड लपवायची पाळी मात्र मास्तरांवर!

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेने, रॉविनाने, साराची चिठ्ठी उचलली होती. म्हाताऱ्या, निपुत्रिक साराला देवाने दिलेला शब्द: पुढल्या वर्षी याच सुमारास तुझ्या मांडीवर मुलगा असेल. रॉविनाच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली. अख्ख्या वाडीतल्या बायांनी तिचे मुके घेतले. एप्रिलात तिला खरंच दिवस गेले. ऑगस्टात मूल पोटातच गेलं.

बाकीच्या वचनांना तारीख नसते, माणूस ती कशीही निभावून नेतो. या एकालाच देवाने मुदत घातली, आणि तीच नडली. म्हणून यंदा मास्तरांनी ती चिठ्ठी लिहिलीच नाही.

"साराची खंय आसा?"

रॉविना समोर उभी होती. घडी घालायच्या राहिलेल्या आणि घातलेल्याही, सगळ्या चिठ्ठ्या तिच्या पाहून झाल्या होत्या.

"चुकान रवली."

"चाळीस वर्सां मास्तर होतास पप्पा, पण खोटा बोलूक अजून येणा नाय."

मास्तरांचा तोल सुटला. "मगे काय करू? परत तुज्याच हातात इली तर? त्यो बायलो परत मुके घेवक धावतल्यो. तेंका काय जाता? देवाक तरी काय जाता?"

"म्हणान तुमी देवाक गाळणी लावलास?" तिचा आवाज चढला. "मगे सगळाच गाळा. उद्या कोणाचो माणूस मेलो, तर येशू जिवंत उठलो ता पण गाळा. मगे टोपलेत रवतला काय?"

तिने मास्तरांच्या खिशातलं पेन काढलं, कागदाचा तुकडा फाडला, उभ्या उभ्या वचन लिहिलं आणि नीट घडी घालून टोपलीत टाकलं.

"माका येवक होयी असा नाय. पण ती टोपलेत होयी."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मुलगा ऐकत नाही, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. आता सूनही.

फादरांच्या प्रवचनातलं एक अक्षर त्यांच्या कानात शिरलं नाही. मिस्सा संपली, माणसं पडवीत आली. पहिली चिठ्ठी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने उचलायची. एस्पेरांसा काठी टेकत आली, चिठ्ठी उचलली आणि मास्तरांपुढे धरली. "चष्मो घराक रवलो. वाच रे, एडवर्ड."

मास्तरांनी घडी उलगडली. अक्षर त्यांचं नव्हतं. पण वाचणं भागच होतं.

"पुढल्या वर्षी याच सुमारास तुझ्या मांडीवर मुलगा असेल."

आणि सगळ्यांनी बघितलं कुणाकडे? एस्पेरांसाकडे नव्हे. सगळे बघत होते रॉविनाकडे. मास्तरांना वाटलं, टोपली उचलावी आणि सरळ विहिरीत फेकावी.

"त्र्याऐंशी सरली माका," एस्पेरांसा म्हणाली. "घोव जावन वीस वर्सां झाली. देवाक म्हणा, झिल दी, माजी ना नाय. पण आदी तेका उचलूक गुडघे दी!"

पहिली हसली ती रॉविना. खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग सगळी पडवी हसली.

"हसतस काय गो?" मास्तर खेकसले. त्यांना अजिबात हसू येत नव्हतं.

"देवान सांगल्यान तेवा सारा पण हसलीच होती, पप्पा," ती म्हणाली, आणि कोपरापर्यंत हात टोपलीत घातला.