चिनी पोरांचा मास्तर

"सईदा, गावात कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण तुझा नवरा कुवेतमध्ये चिनी पोरांना इंग्रजी शिकवतो!"

जलीब या कामगारवस्तीतल्या खोलीत शुक्रवारच्या सुट्टीला नूरुद्दीनने पत्राऐवजी घरी पाठवायची कॅसेट अशी थाटात सुरू केली. खरं तर तो अम्गराच्या भंगार-अड्ड्यावर लोखंड कापत होता, आणि त्याचा पासपोर्ट कफीलने, म्हणजे मालकाने, कपाटात कोंडून ठेवला होता. रजेचं नाव काढायची सोय नव्हती. पण हे कळलं तर बायको अन्नपाणी सोडेल. म्हणून चिनी हायस्कुलातल्या पोरांचं इंग्रजी सरावाचं एक पुस्तक भंगारात सापडलं होतं, ते त्याने उघडलं आणि सईदाचा धाकटा भाऊ सिराज याच्यासकट खोलीतल्या सगळ्या दाढीवाल्यांना विद्यार्थी करून टाकलं.

"म्हणा पोरांनो, टुमारो आय विल गो होम."

दाढीवाल्यांनी कोवळे आवाज काढून एका सुरात म्हटलं, "टुमारो आय विल गो होम!" दुसऱ्या खेपेला मात्र एकाला हुंदका फुटला.

नूरुद्दीन कसला गडबडतोय! "होस्टेलची पोरं गं, घरची आठवण येते त्यांना. यांच्या परीक्षा टाकून मी रजेवर कसा येऊ, तूच सांग."

महिन्याभराने सईदाची कॅसेट आली. सगळी खोली टेपभोवती गोळा झाली.

 

"पुरे करा मास्तर. तुमच्या त्या रडणाऱ्या चिनी पोराला लहानपणी मीच कडेवर घेऊन गप्प करायचे."